टिफेन ब्लॅक प्रो-मिस्ट १/४ : दिवा चौकटीत असेल तरच

ब्लॅक प्रो-मिस्ट हा लेन्सपुढे लावायचा काचेचा फिल्टर. तो फोटो मऊ करतो असं म्हणतात, पण त्याचं खरं काम उजेड पसरवण्याचं. काचेच्या थरांमध्ये बंद केलेले बारीक कण उजळ जागेचा थोडा प्रकाश आजूबाजूला विखुरतात. दिव्याभोवती, खिडकीच्या कडेला, मागून उजेड आलेल्या केसांना वलय येतं. साध्या प्रो-मिस्टमध्ये सावल्याही राखाडी पडतात, ब्लॅकमधले काळे कण ते बऱ्यापैकी आवरतात. पण ढगाळ दिवशी किंवा सपाट सावलीत, जिथे उजळ बिंदूच नाही, हाती येतो नुसता फिका फोटो. तिथे फिल्टर काढून ठेवावा.

१/८, १/४, १/२, १ आणि २ अशा तीव्रता मिळतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ८५ मिमी लेन्सला १/४ नेमका बसतो: त्वचेचा खरखरीतपणा कमी होतो, पापण्या टोकदार राहतात. फोकल लांबी वाढली की परिणामही वाढतो, म्हणून २०० मिमीला १/८ पुरे. २४ मिमीला मात्र हाच १/४ लावलाय की नाही असं वाटतं. १ आणि २ म्हणजे सरळ धुकं.

खोट एकच, पण डोळ्यांत भरणारी. बोकेच्या, म्हणजे मागच्या धूसर दिव्यांच्या, गोळ्यांमध्ये कणांची ठिपकेदार जाळी दिसते, आणि वाइड लेन्सवर एफ ११च्या पुढे (लेन्सचं छिद्र आणखी लहान केल्यावर), समोरून ऊन असेल तर ते ठिपके फोटोभर उमटतात. एफ २ ते एफ ४ या टप्प्यात राहिलेलं बरं.

लावण्याआधी यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर दोन काचांमध्ये दिव्याचं भूत (फिकट प्रतिबिंब) उमटतं. हूड (लेन्सपुढची झडप) हवाच, बाजूचं ऊन काचेवर पडलं की सगळी चौकट दुधाळ होते. एक्स्पोजर १/३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवा. फोकस डोळ्यावर पक्का करा, चुकलेला फोकस या धूसरपणात लपत नाही. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) ब्लॅक्स, म्हणजे सर्वात गडद भाग, थोडे खाली ओढा, पण धुकं काढणाऱ्या डीहेझ स्लायडरला हात लावू नका. ते वलयच खाऊन टाकतं.

हेच सॉफ्टवेअरमध्ये का नको? लेयरची प्रत, गॉसियन ब्लर (धूसर करणं), स्क्रीन मोड (उजळ करत मिसळणं), ओपॅसिटी २० ते ३० टक्के: जमतं, आणि नको वाटलं तर पुसताही येतं. मात्र फाइलमध्ये पूर्ण पांढरा झालेला दिवा आणि पांढरा सदरा सॉफ्टवेअरला सारखेच, त्यामुळे दोघांनाही तेवढंच वलय मिळतं. काचेपर्यंत मात्र दिव्याचा उजेड सदऱ्याच्या कितीतरी पटींनी येतो.