घाटासाठी हलका गिअर: पुढची चेनरिंग लहान करावी की मागची कॅसेट मोठी?

पुढे पेडलजवळ ३२ दात्यांची एकच चेनरिंग, म्हणजे दातेरी चकती, आणि मागे ११-४२ची अकरा स्पीड कॅसेट, म्हणजे ११ ते ४२ दात्यांच्या अकरा चकत्यांचा संच, अशी माउंटन बाइक आज अनेकांकडे आहे. रोजच्या चढ-उतारांना ती पुरते. पण सिंहगडाच्या वरच्या टप्प्यातली वळणं किंवा पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची सुट्या खडीची चढण लागली, की शेवटच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरलाही पाय जड पडतात, कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, पन्नासच्या खाली येते आणि गुडघे कुरकुरायला लागतात. मग दोन उपाय समोर येतात. पुढे ३२ काढून २८ लावायची, किंवा मागे ४२च्या जागी ४६ नाहीतर ५१ आणायची. मी दोन्ही वापरले आहेत. दोन्ही कामाचे आहेत, पण माझं मत एका बाजूला झुकतं.

आधी भागाकार बघू. पुढचे दाते भागिले मागचे दाते, आकडा जितका लहान तितका गिअर हलका. ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६. मागे ४६ लावली की ०.७०, आणि ४२ तशीच ठेवून पुढे २८ लावली की ०.६७. २९ इंची चाकावर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, तर ०.७६ला ताशी सव्वासहा किलोमीटर पडतात आणि ०.६७ला साडेपाच. फरक किरकोळ वाटेल, पण खड्या चढावर बसून राहता येणं आणि उतरून ढकलणं यातलं अंतर एवढंच असतं. मागे ५१ लावली तर ०.६३, म्हणजे त्याहून हलका. नुसता शेवटचा आकडा बघायचा तर कॅसेट जिंकते.

पण चढताना आपण शेवटच्या गिअरवर एकटे नसतो. सतत शेवटचा आणि त्याच्या आधीचा, असं वर-खाली चालू असतं. माझा निर्णय तिथेच झाला.

शिमानोच्या अकरा स्पीड ११-४६ कॅसेटचे वरचे, म्हणजे मोठे कॉग (मागच्या चकत्या) असे आहेत: २८, ३२, ३७ आणि मग थेट ४६. सदतीसपर्यंतच्या पायऱ्या ११-४२सारख्याच, फक्त शेवटचा कॉग बदललेला. म्हणजे ही कॅसेट घेतली की एक हलका गिअर मिळतो, पण तुमचा नेहमीचा ४२ जातो. ३२ भागिले ३७चा गिअर ०.८६, पुढचा एकदम ०.७०, आणि मधला ०.७६, ज्यावर तुम्ही आजवर अर्धा घाट चढत होता, तो उरतच नाही. सदतीसवर साठ फेऱ्यांनी चढत असाल आणि ४६ टाकला, तर तोच वेग ठेवायला पंचाहत्तर फेऱ्या माराव्या लागतात.

डांबरी घाटात हे खपून जातं. खडीवर नाही. सदतीस ओढवत नाही म्हणून लिव्हर दाबावी, तर चेन ताणाखाली खट् करून नऊ दाते वर चढते, पाय अचानक मोकळे फिरतात, मागच्या चाकावरचा दाब क्षणभर सुटतो आणि चाक जागच्या जागी खडी उडवतं. सावरून परत सदतीस घ्यावा तर तो आता आणखी जड वाटतो, कारण मधल्या दोन सेकंदांत वेग गेलेला असतो. एका चढावर हे तीन-चार वेळा झालं की लय राहत नाही, आणि चढ लयीवरच निघतो.

पुढे २८ लावली की मागच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात. २८ भागिले ३७ म्हणजे ०.७६, जवळजवळ तुमचा जुना शेवटचा गिअर. तो आता शेवटून दुसरा होतो आणि त्याखाली ४२चा एक राखीव मिळतो. साठ फेऱ्यांवरून शेवटच्या गिअरला गेलं की अडुसष्ट होतात, पायांना ते सहज झेपतं. मला घाटासाठी हवं होतं ते हेच.

कॅसेटवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. सनरेसच्या अकरा स्पीड ११-४६मध्ये वरच्या पायऱ्या ३६, ४०, ४६ अशा आहेत, त्यात ती उडी नाही. शिमानो डिओर एम-५१००ची ११-५१ तर वर अगदी सरळ चढते: ३३, ३९, ४५, ५१. तिची किंमत खाली, लहान कॉगांवर मोजावी लागते. ११-४२मध्ये १३, १५, १७, १९, २१ अशा जवळजवळच्या पायऱ्या असतात, इथे १५वरून १८, १८वरून २१. सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध जाताना एक गिअर जड आणि दुसरा फार हलका, असं होत राहतं. शिवाय ५१ला डिरेलरही, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भागही, तेवढ्या मोठ्या कॉगसाठी बनवलेलं लागतं. जुन्याच डिरेलरला हँगर एक्स्टेंडर, म्हणजे डिरेलर खाली सरकवणारी पट्टी, लावून काम निघतं, पण वरची पुली लहान कॉगपासून लांब जाते आणि खालचे गिअर आळसावतात. पुली आणि कॉग यांतलं अंतर ठरवणारा बी-स्क्रू पूर्ण आत गेला तरी पुली मोठ्या कॉगला घासत असेल, तर ते डिरेलर त्या कॉगसाठी नाही असं समजावं.

कॅसेट मोठी करताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चेन तीच ठेवणं. मागे चार दाते वाढले की चेन दोन लिंकांनी लांब हवी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची. जुनी चेन आधीच बेताची असेल आणि स्टँडवर नीट वाटलं म्हणून तशीच सोडली, तर रस्त्यावर कधीतरी ४६ टाकताना डिरेलरचा पिंजरा पुढे ताणला जाऊन हँगर, म्हणजे फ्रेमवर डिरेलर धरणारा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. मापाची जुनी पद्धत अजूनही खात्रीची आहे: चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवरून गुंडाळा, टोकं जिथे जुळतात त्यापुढे एक जोडी जास्त ठेवा. डिरेलरच्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तो माना. मागे सस्पेन्शन असेल तर आधी शॉकमधली हवा काढून मागचा भाग पूर्ण दाबा, कारण चेन सर्वांत जास्त ताणली जाते ती त्या स्थितीत. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळायची, नुसत्या हाताच्या अंदाजाने नव्हे.

चेनरिंग लहान करताना उलट होतं. ३२वरून २८ म्हणजे एक जोडी काढायची. ३२वरून ३० असेल तर चेनला हात लावायची गरज नाही. डिरेलरला क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी यंत्रणा, असेल तर काम सुरू करण्याआधी तो बंद करा. नवी नॅरो-वाइड, म्हणजे एकाआड एक अरुंद-रुंद दात्यांची, चेनरिंग लावताना रुंद दात्यावर बाहेरची लिंक येते आहे ना, ते पाहून मगच चेन जोडा. चेन ताणलेली असेल, म्हणजे चेन चेकर (झीज मोजणारी पट्टी) ०.५ टक्के दाखवत असेल, तर तीही बदला. जुनी चेन नव्या नॅरो-वाइड दात्यांना चिकटून राहते आणि पावसाळी चिखलात खालून सुटायच्या ऐवजी दात्यांबरोबर वर ओढली जाऊन चेनस्टेत (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीत) अडकते.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, मात्र आधी तपासा, कारण या उपायाची खरी अडचण तिथे आहे. चार बोल्टच्या क्रँकवर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर साडेत्र्याहत्तर मिलिमीटर भरलं, तर ती १०४ बीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर. तिच्यावर साधारण ३२च बसते. स्वतःचे आटे पाडलेली ३० मिळते, त्याखाली जाता येत नाही. २८ हवी तर डायरेक्ट माउंट क्रँक, म्हणजे जिच्यावर चेनरिंग या बोल्टांशिवाय थेट बसते ती, लागते, आणि ती नसेल तर क्रँकचा खर्च वाढून हिशेब कॅसेटच्या जवळ जातो. डायरेक्ट माउंटमध्ये ऑफसेट, म्हणजे चेनरिंग आतल्या बाजूला किती सरकलेली आहे ते, बघून घ्या. स्रॅमच्या पद्धतीत साध्या हबला ६ मिलिमीटर, जास्त रुंद बूस्ट हबला ३. चुकीचा ऑफसेट बसला तर सर्वांत मोठ्या कॉगवर असताना पेडल उलटं फिरवताच चेन खालच्या कॉगवर घसरते, आणि लोक उगाच डिरेलरचे स्क्रू पिळत बसतात.

२८चे तोटे दोन. पहिला वेगाचा. नव्वद फेऱ्यांना ३२ भागिले ११वर ताशी ३६ किलोमीटर मिळतात, २८वर साडेएकतीस. खडकवासल्यावरून घाटाच्या पायथ्याशी जाताना रोड बाइकवाल्यांच्या मागे राहायचं असेल तर हे टोचेल. ज्यांची निम्मी सायकल हायवेवर चालते त्यांना मी २८ सुचवणार नाही, ११-५१च घ्या म्हणेन. दुसरा झिजेचा. लहान चेनरिंगचे कमी दाते तेवढाच भार घेतात, ॲल्युमिनियमची लवकर संपते. स्टीलची मिळाली तर वजनाकडे बघू नका. याच्या बदल्यात खाली आठेक मिलिमीटर जागा जास्त मिळते, आणि टेकडीवरच्या काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवर चेनरिंग आपटण्याचं प्रमाण मला तरी कमी झालेलं जाणवलं.

पुढे ४२-३४-२४ आणि मागे सात स्पीडचं १४-२८ फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा गट, असलेल्यांना मात्र मागूनच बदल करावा लागतो. स्वस्त क्रँकच्या चेनरिंग रिव्हेट मारून जोडलेल्या असतात, सुट्या निघत नाहीत. १४-३४चं फ्रीव्हील लावलं तर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ मिळतं. तिथेही तीच उडी आहे आणि फार मोठी, २४वरून सरळ ३४. पण खर्च कमी आणि पर्याय नाही, म्हणून चालवून घ्यावं. डिरेलर ३४ घेतं का ते आधी विचारा आणि चेन सहा दात्यांच्या हिशेबाने लांब करा. जुनं फ्रीव्हील पेडलच्या जोराने वर्षानुवर्षं आवळलं गेलेलं असतं. रिमूव्हर बाकावरच्या शिकंज्यात पकडून चाकच हातांनी डावीकडे फिरवलं तर निघतं, लहान पान्याने नाही.

क्रँकवर बसत असेल तर आधी ३० लावून दोन-तीन रविवार चढून बघा. अनेकांचं तेवढ्यावर भागतं. काढलेली ३२ आणि, पुढे २८ लावली असेल तर, लिंकांची जोडी पुसून, तेल लावून एका पिशवीत ठेवा, सोबत नवी क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी). दिवे घाट ओलांडून पंढरपूरच्या बाजूच्या लांब सपाट रस्त्यावर जायचं ठरलं, की अर्ध्या तासात परत बसवता येते.