कन्सोलच्या वरची भिंत: दहा महिने आणि एक पावसाळा वापरून

ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या आत आमचं घर आहे. इमारत पंचवीस वर्षांपूर्वीची. दार उघडलं की चार फुटी पॅसेज आणि उजव्या हाताला साडेपाच फुटांची कोरी भिंत. गेल्या पाडव्याला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून तिथे एक कन्सोल टेबल आणलं. चार फूट लांब, बत्तीस इंच उंच, जेमतेम फूटभर खोल. टेबलाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन ड्रॉवर आहेत, ते नीट सरकतात, किल्ल्या आणि बिलं मावतात. सांगायचंय ते त्याच्या वरच्या भिंतीबद्दल, कारण ती मी दोनदा सजवली. पहिली सजावट एप्रिलमधली, मोबाइलच्या फोटोत फार छान दिसायची. दुसरी गणपतीच्या आठवडाभर आधीची. ती आजही तशीच आहे, आणि आता ती हलवावीशी वाटत नाही.

एप्रिलमध्ये मी चोवीस इंची गोल आरसा, चिकटपट्टीच्या हुकांवर तीन फ्रेमा, सुती दोऱ्याच्या गाठींचं मॅक्रमे आणि सोनेरी पत्र्याची पानं लावली. मे महिना छान गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मॅक्रमेला ओल्या फडक्यासारखा वास यायला लागला. धुतलं, पंख्याखाली दोन दिवस ठेवलं, वास काही गेला नाही. पत्र्याची पानं म्हणजे लोखंडावर चढवलेला सोनेरी मुलामा. जुलैत त्यांच्या टोकांखाली भिंतीवर तांबूस ओघळ उतरले, आणि गंजाचा तो डाग पुसून जात नाही, वर रंगच द्यावा लागतो. मग एका रात्री अडीचच्या सुमारास मधली फ्रेम पडली. काच पॅसेजभर झाली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे पाचला अनवाणी त्याच वाटेने देवघराकडे जातात. मी तेव्हाच उठून सगळं झाडलं, तरी तो विचार अजून मनातून जात नाही.

सकाळी पडलेला हुक नीट पाहिला. चिकटपट्टी सुटलेली नव्हतीच, तिने रंग आणि त्याखालची पुट्टी भिंतीवरून सोलून आणली होती. हे समजून घेण्यासारखं आहे. असा हुक भिंतीला नाही, रंगाच्या पापुद्र्याला धरतो. पावसाळ्यात आमच्या घरातला आर्द्रतेचा काटा ८५च्या खाली येत नाही. त्यात पुट्टी मऊ पडली की पट्टी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. हलक्या कॅलेंडरला चालेल. काच असलेली कोणतीही वस्तू जुन्या रंगाच्या भिंतीवर पट्टीने लावू नका.

दुसऱ्या वेळी ड्रिल मारलं, पण त्याआधी भिंतीची चौकशी केली. आमच्या भिंतीच्या डाव्या दीड फुटामागे न्हाणीघर आहे. तिथे तळहात ठेवला की उरलेल्या भिंतीपेक्षा गार लागतं, आणि ऑगस्टमध्ये खाली रंगाला फुगे आले होते. न्हाणीघरात जाऊन नळ आणि गीझरची जागा टेपने मोजली. भिंतीतले पाइप साधारण तिथूनच सरळ वर-खाली किंवा आडवे जातात. स्विचबोर्डाच्या बरोबर वरची उभी पट्टीही सोडली, कारण वायर तिथूनच उतरते. तो दीड फूट पूर्ण मोकळा ठेवला आणि टेबल उजवीकडे सरकवलं.

ड्रिल करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून एक गोष्ट शिकले. भोकातून पडणाऱ्या भुकटीचा रंग बघायचा. आधी पांढरी पडते, ती पुट्टी. मग करडी, ते प्लास्टर. मग विटकरी. विटकरी भुकटी चांगली इंचभर पडेपर्यंत थांबायचं नाही, कारण गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, नुसत्या प्लास्टरमध्ये बसली तर वजनाने भोक सैल होतं. आम्ही आठ मिलिमीटरचं भोक, तशीच गिट्टी आणि अडीच इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले. साध्या स्क्रूपेक्षा थोडे महाग पडतात, पण गंजाचे ओघळ एकदा पाहिल्यावर तो खर्च जड वाटला नाही. नव्या टॉवरमध्ये सगळी भिंत काँक्रीटची असेल तर भुकटी करडीच राहील आणि साधं ड्रिल पुढे जाणार नाही, हॅमर ड्रिल लागेल.

पहिला आरसा लहान होता आणि दुकानातल्या माणसाने सांगितलं म्हणून मध्य पाच फुटांवर धरून लावला होता. टेबल आणि आरसा यांच्यात सोळा इंच भिंत उरली. आरसा वरच्या वर तरंगतोय, खालच्या टेबलाशी त्याचा काही संबंध नाही, असं दिसायचं. शिवाय आईंना त्यात कमरेखालचं काही दिसत नसे. आता तीस इंची आहे, टेबलापासून सात इंच वर. म्हणजे जमिनीपासून एकोणचाळीस ते एकोणसत्तर इंच. आई पाच फुटांच्या, नवरा पाच-अकरा, दोघांनाही वाकावं लागत नाही. एकटीच वस्तू लावणार असाल तर टेबलाच्या लांबीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास रुंदी आणि सहा ते आठ इंच अंतर हे माप घरोघरी जमून येतं. अनेक वस्तू असतील तर सगळा गट टेबलाच्या कडांच्या आत राहू द्यावा. आम्ही रद्दीच्या पेपरचे त्याच मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने चार दिवस लावून ठेवले होते, येताजाता बघून दोनदा जागा बदलली.

या चार दिवसांत आणखी एक कळलं. आरसा समोरचं सगळं दुप्पट करतो. जुन्या जागी तो शू-रॅक दाखवायचा. फूटभर सरकवल्यावर आता हॉलच्या खिडकीचा उजेड पॅसेजमध्ये येतो आणि सोफ्याच्या एका टोकाला बसलं की त्यात येऊरच्या डोंगराचा तुकडा दिसतो. पावसाळ्यात तो हिरवा तुकडा बघत मी कितीतरी चहा प्यायले आहे.

वजनाचा अंदाज मात्र घ्या. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे तीस इंची गोल काचच साडेपाच किलोच्या वर. पाठीचं प्लाय आणि लाकडी कड धरून आमचा आरसा नऊ किलोंचा आहे, म्हणून दोन स्क्रूंवर आहे. आरशाच्या कडेला काळे डाग पडतात ते मागच्या चांदीच्या थरात ओल शिरल्याने. फवारा थेट काचेवर मारला की पाणी ओघळून खालच्या कडेत साचतं, म्हणून फडक्यावर मारून पुसते. कडेला सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तो थर खातं. न्यूट्रल, म्हणजे ते आम्ल नसलेलं, मागून घ्या.

आरशाच्या उजवीकडे वर वारली चित्र आहे, डहाणूला चिकू घ्यायला थांबलो होतो तेव्हा एका चित्रकर्तीकडून घेतलेलं. गेरूच्या कापडावर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचाची फेरी. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हार हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ते आपल्याच जिल्ह्याचं चित्र, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वेळी ते काचेला टेकवून फ्रेम केलं होतं. जुलैत आतून वाफ धरली आणि कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आले. नौपाड्यात पुन्हा फ्रेम करून घेतली, साडेअकराशे रुपये झाले. आता भोवती माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट आहे, त्यामुळे चित्र आणि काच यांच्यात फट राहते. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं आहेत, म्हणजे फ्रेम भिंतीला चिकटत नाही आणि मागून हवा खेळते. नंतर ठिपके वाढले नाहीत, पण खरी परीक्षा येत्या जुलैत.

चित्राच्या खाली सुताराने उरलेल्या सागाची पंधरा इंची फळी बसवून दिली, पुढे अर्ध्या इंचाची कड असलेली. ती दादांसाठी. माझे सासरे जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा हार घातलेला मोठा फोटो हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीवर आहे. पण आईंच्या मनात होतं की दारातून आत आल्यावर ते दिसावेत, आणि हार नको. "हे घरात आहेत असा फोटो लाव," म्हणाल्या. आम्ही १९८४ सालचा निवडला. तलावपाळीच्या कठड्यावर बसलेले दादा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मूळ फोटो स्कॅन करून मॅट कागदावर प्रिंट काढली आणि मूळ कपाटात ठेवला, कारण जुने रंगीत फोटो उजेडाने विटतात आणि दमट हवेत काचेला चिकटून बसतात. मॅट कागदामुळे दिव्याची चमकही येत नाही.

फळीचा फायदा असा की फोटो बदलायला भिंतीला हात लावावा लागत नाही. दिवाळीत आईंनीच तो उचलून पणतीपासून लांब सरकवला, भाऊबीजेनंतर परत जागेवर ठेवला. गेल्या आठवड्यात त्यांनी ट्रंकेतून आणखी एक फोटो काढून दिलाय, दादांचा आणि त्यांचा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. त्याची प्रिंट शनिवारी मिळेल. फळीवर दोन्ही मावतात, मी मोजून पाहिलंय.