डेन्मार्कमध्ये जुनी विशबोन चेअर ऑनलाइन घेताय? आधी हे वाचा

इथे डेन्मार्कमध्ये आपल्यातले बरेच जण सेकंडहँड डॅनिश फर्निचरच्या शोधात असतात म्हणून सगळं डिटेलमध्ये लिहितेय. मला विशबोन चेअर हव्या होत्या, डॅनिश डिझायनर हान्स वेगनरने १९४९ मध्ये डिझाइन केलेली आणि १९५० पासून कार्ल हान्सन कंपनी बनवतेय ती, पाठीला वाय आकार असलेली. नवीन परवडत नाही. एकाची जाहिरात दिसली, चार खुर्च्या, आजीच्या घरातल्या, साठच्या दशकातल्या, एकदम ओरिजिनल. बैठकीखालच्या कंपनीच्या शिक्क्याचे क्लोजअप फोटोही पाठवले त्याने. मी कोपनहेगनला, तो पार पश्चिमेला जटलंडमध्ये, अजून दोघं घ्यायला टपलेत म्हणाला, निम्मे पैसे आजच टाका. टाकले, उरलेले ट्रान्सपोर्टवाल्याने दारातच घेतले आणि मग पॅकिंग उघडलं.

शिक्का कुठेच नाही. पण खरी चोरी पकडली गेली ती पाठीच्या वरच्या गोल दांड्यात. ओरिजिनलमध्ये तो अख्ख्या लाकडाला वाफ देऊन वाकवलेला असतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर सलग फिरतात. यांच्यात बोटांत बोटं अडकवावी तसे सांधे होते, तुकडे चिकटवलेले आणि वरून डार्क पॉलिश फासलेलं, टॉर्च तिरका धरला की लगेच दिसतं. बैठकीची दोरीही कागदाची असते, पीळ दिलेली, एका खुर्चीला साधारण १२० मीटर लागते आणि ती हाताने विणतात. मी खालचं एक टोक उलगडलं तर आत प्लास्टिकचे धागे! वेगनर मुळात सुतारकाम शिकलेला माणूस, त्याच्या नावावर असला माल खपवतात याचा पैशांपेक्षा जास्त संताप आला. नक्कल आहे सांगून स्वस्तात विकली असती तर गोष्ट वेगळी होती.

फोन बंद, मेसेजला उत्तर नाही, नंतर ब्लॉक. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच केलंय, पोलिसांत तक्रार दिलीये.

तर पैसे टाकायच्या आधी त्या दांड्याचा मागच्या बाजूने दिवसाउजेडी व्हिडिओ मागा आणि त्याच व्हिडिओत, मध्ये न थांबवता, खुर्ची उलटी करून शिक्का दाखवायला सांगा, कारण फोटो काय कुणाचेही ढापता येतात. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

काल त्याची जाहिरात परत दिसली, नाव वेगळं, फोटो तेच, आता सहा खुर्च्या आहेत म्हणतोय. मी रिपोर्ट केलंय, तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा.