रोजचं पोहणं आणि केस: टोपी, तेल की शाम्पू?

तलावाचा पास काढला की महिन्याभरात केसांची कुरकुर सुरू होते. राठ होतात, गुंततात, टोकं भुरी पडतात. क्लोरीन केसांवरचा तेलकट थर काढतं आणि आतलं मेलॅनिन, म्हणजे केसांना रंग देणारं द्रव्यही, हळूहळू फिकट करतं. त्यावर जो तो वेगळा उपाय सांगतो.

सर्वात जास्त भरवसा टोपीवर असतो. लायक्राची टोपी स्वस्त नि मऊ, डोकं आवळत नाही. पण पाणी सरळ आत येतं. गळलेले केस तलावात जात नाहीत, हा फायदा तलावाचा, तुमचा नाही. लेटेक्सची काढताना केस उपटते आणि तेल लागलं की खराब होते. सिलिकॉनची थोडी महाग, पण टिकाऊ, आणि केस कमी ओढते. मी तीच घ्यायला सांगेन. अर्थात डोकं कोरडं कुठलीच टोपी ठेवत नाही. कपाळाकडून, मानेकडून पाणी शिरतंच. केस लांब असतील तर अंबाडा मावेल अशी मागे फुगीर टोपी मिळते. साध्या टोपीत वेणी कोंबली की दर दोन फेऱ्यांनी ती वर सरकते.

म्हणून टोपीच्या आधीचं काम महत्त्वाचं: नळाच्या पाण्याने केस चिंब भिजवणं. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी शोषतात. ती जागा आधीच भरली की तलावाचं पाणी कमी मुरतं. फुकटचा उपाय, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

आता खोबरेल. आजीचा हा सल्ला अगदीच हवेतला नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल ताडून पाहिलं. केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाली ती फक्त खोबरेलाने. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. तरी कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. पण ती चाचणी पोहणाऱ्यांवर केलेली नव्हती, आणि तलावाच्या काठावर तेल चोपडून उतरणं तर नकोच. तवंग येतो, फिल्टरवर ताण पडतो, जीवरक्षक ओरडतो तो वेगळाच. रात्री हाताला लागेल एवढंच तेल टोकांना लावावं, सकाळी भिजवून वर सिलिकॉनची टोपी.

पोहणाऱ्यांसाठीचे खास शाम्पू मात्र जरा जास्तच खपवले जातात. त्यातलं सोडियम थायोसल्फेट उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करतं, ईडीटीए धातू ओढून घेतं. केसांवर हिरवट झाक येते ती पाण्यातल्या तांब्यामुळे. काळ्याभोर केसांवर ती दिसतही नाही. हायलाइट्स केले असतील तर आठवड्यातून एकदा हा शाम्पू वापरावा. रोज वापरला तर केस आणखी कोरडे पडतात. बाकीच्यांनी बाहेर येताच साध्या पाण्याने केस धुऊन कंडिशनर लावला तरी पुष्कळ.

आठवड्यातून दोनदाच पोहत असाल तर भिजवणं आणि कुठलीही टोपी पुरे. रोज जात असाल तर सिलिकॉन आणि कंडिशनर यांवर खर्च करा. बारीक केस ठेवणाऱ्यांनी यातलं काहीच विकत घेऊ नये. त्यांची खराब टोकं न्हावी दर महिन्याला कापतोच.