पार्तागास सेरी डी नंबर ४: पाच वर्षं मुरलेली

ही क्युबन सिगार. लांबी १२४ मिमी, जाडी ५० रिंग, म्हणजे सुमारे २० मिमी. मुरल्यामुळे ताज्या सिगारचा अमोनियाचा झोंबरा वास गेलाय. मिरीचा ठसका मात्र पहिल्या इंचात शाबूत. मधल्या भागात देवदार, भाजलेली कॉफी, किंचित चामडं अशा चवी. पैसे वसूल होतात ते इथेच. शेवटी कडवट लागली तर बहुतेकदा घाईने ओढलेली असते. मिनिटाला एकच झुरका, धूर तोंडातच.

मुंबईचा पावसाळा हिचा वैरी. उघडी राहिली की दमट हवेने फुगते, धूर ओढवत नाही, पेटवल्यावर वरचं पान तडकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी पुडी हवीच. उकाडाही वाईट: २५ अंशांपुढे तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटून अळ्या सिगार पोखरतात. टाचणीएवढं भोक दिसलं, की ती सिगार लगेच बाकीच्यांपासून वेगळी काढा.