दहावी बीजगणित सराव पेपर संच (तपासणीसह): पेपर घ्या, तपासणीचे पैसे वाचवा

प्रकाशनाचं नाव घेत नाही, मला कुणाशी भांडण काढायचं नाहीये, आणि खरं सांगायचं तर दिवाळीनंतर पुस्तकांच्या दुकानात असे जे चारपाच संच येतात ते उन्नीस-बीस फरकाने असेच असतात, त्यामुळे एकाचं वाचलं तरी बाकीचे कसे बघायचे ते कळेल. मी सांगलीत घरी दहावीच्या शिकवण्या घेते, एसएससी बोर्ड, मराठी मिडियम आणि सेमी दोन्ही. गणित भाग १ म्हणजे बीजगणित, त्याचा हा संच, १० पेपर, सोबत उत्तरांची पुस्तिका आणि आलेख कागद, नुसता संच १८० रुपये. आणि वर ४५० दिले की पोरांनी सोडवलेले पेपर कुरिअरने त्यांच्याकडे पाठवायचे, ते तपासून मार्क टाकून परत पाठवतात. यंदा मी दोन्ही घेतलं कारण बॅच मोठी झालीय आणि रात्री बारापर्यंत पेपर तपासायला माझ्याच्याने होत नाही आता.

ज्यांची पोरं यंदाच दहावीत गेलीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात पेपर कसा असतो ते. ४० मार्क, २ तास. भाग २ म्हणजे भूमिती, ती वेगळी ४० ची, आणि २० अंतर्गत, असे मिळून १००. बीजगणिताच्या ४० मध्ये पहिल्या प्रश्नाला ८ मार्क, त्यातले ४ पर्याय निवडा आणि ४ एकेका मार्काचे छोटे. दुसरा प्रश्न १२ चा, तिसरा ९ चा, आणि ह्या दोन्हीत ‘अ’ म्हणजे कृती, चौकटी भरा टाईप. चौथ्यात ४ मार्कांचे तीनपैकी दोन, पाचव्यात ३ मार्काचं दोनपैकी एक. म्हणजे हिशोब केला तर पहिल्या २९ मार्कांत बरंचसं काम पद्धत पाठ असली तरी निघून जातं, सूत्र माहितीय, किंमती टाक, उत्तर काढ. पोराला बीजगणित खरंच येतंय का हे कळायची जागा म्हणजे शाब्दिक उदाहरणं आणि शेवटचे ११ मार्क. तिथे बहुतेक वेळा कुणी समीकरण देत नाही, ते आपलं आपण मांडायचं असतं. त्यामुळे कुठलाही संच विकत घेताना मी पहिलं पान बघतच नाही, सरळ चौथा प्रश्न उघडते.

तर ह्या संचाचा चौथा प्रश्न चांगलाय. खरंच चांगलाय, हे आधी सांगते कारण पुढे बरीच टीका आहे. सहाही प्रकरणं आलीत, रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी, आणि नुसती आलीत असं नाही, श्रेढीवर एक मस्त उदाहरण आहे ज्यात बचत गटातली बाई दर महिन्याला आधीच्यापेक्षा ५० रुपये जास्त टाकते आणि विचारलंय की कितव्या महिन्यात तिचे ‘एकूण’ पैसे अमुक होतील. इथे निम्मी पोरं ‘एन’वं पद, म्हणजे त्या एका महिन्याचीच रक्कम, काढून मोकळी झाली, बेरीज काढायचीय हे लक्षातच नाही आलं, सूत्र दोन्ही पाठ होती तरी. अशा उदाहरणाने पोराचं नेमकं कुठे अडतंय ते कळतं. ‘वाचून घेतच नाहीत’ असं आपण पालकांना नेहमी सांगतो, पण आकडे दिसले की सूत्राच्या मागे पळायचं ही सवय मोडायला अशीच उदाहरणं लागतात, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आता जिथे घोळ आहे ते. बरीच उदाहरणं नेहमीचीच घेऊन आकडे बदललेत, त्याला हरकत नाही, सगळेच बदलतात, पण बदलल्यावर एकदा स्वतः सोडवून बघायला नको का? पेपर नंबर ४ मधलं बोटीचं उदाहरण बघा. मूळ उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं, संथ पाण्यात बोटीचा वेग ताशी १२ किमी, नदीतून ३६ किमी जाऊन परत यायला ८ तास लागतात, प्रवाहाचा वेग काढा. प्रवाहाचा वेग एक्स धरला की जाताना १२ वजा एक्स, येताना १२ अधिक एक्स, वेळांची बेरीज ८, आणि सोडवत गेलं की एक्सचा वर्ग ३६ येतो, उत्तर ६. जाताना ६ तास येताना २ तास, ताळाही बसतो. ह्यांनी काय केलं, ३६ किमीचे ४० किमी केले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. आता एक्सचा वर्ग येतो २४. म्हणजे वेग २√६. गणित म्हणून चूक काहीच नाही, पण दहावीच्या पोराला नदीचा वेग वर्गमुळात आला की तो काय समजतो? माझ्याकडची एक मुलगी, हुशार आहे, समीकरण एकदम बरोबर मांडलं होतं, २४ आल्यावर तिने सगळं खोडलं, परत मांडलं, परत २४, परत खोडलं, आणि वीस मिनिटं त्यात घालवून पाचवा प्रश्न सोडूनच दिला. मला विचारते, ‘मॅडम, माझं मांडणीतच चुकलंय काय ओ?’ तिची मांडणी बरोबर होती, आकडे ज्याने बदलले त्याने डोकं वापरलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे उत्तरांच्या पुस्तिकेत ह्याचं उत्तर ६ च छापलंय, जुनंच.

मुद्दाम वाकडं उत्तर येणारं उदाहरण द्यायला माझी ना नाही, पोरांना आपल्या पायऱ्यांवर विश्वास ठेवायची सवय लागते, पण मग ते ठरवून द्या आणि ‘√६ = २.४५ घ्या’ असं कंसात लिहा. बोर्डाच्या पेपरात असं काही लागलं तर सहसा किंमत दिलेली असते.

कृतींबद्दल माझं मत जरा वेगळंय आणि ते ह्या संचापुरतं नाही. चौकटी भरायच्या कृतीत मांडणी आयती असते, पोरगं वरची ओळ आणि खालची ओळ बघून मधला आकडा टाकतं. कच्च्या मुलांना ते ७ मार्क आधार आहेत, ते जाऊ नयेत असंच मला वाटतं, पण कृतीत पैकीच्या पैकी पडले म्हणून उदाहरण आलं असं समजू नका. ह्या संचात एक बरं केलंय, काही कृतींमध्ये शेवटची चौकट उत्तराची न ठेवता ‘ही किंमत का घेतली नाही?’ अशी ठेवलीय. वर्गसमीकरणाची दोन मुळं आली, एक ऋण आलं, ते का सोडायचं ते लिहायचं. वय ऋण नसतं, वेग ऋण नसतो, माणसांची संख्या अपूर्णांकात नसते. हे पोरं तोंडाने सांगतात पण पेपरात लिहीत नाहीत आणि तिथे मार्क जातात. ही कल्पना ज्याची असेल त्याला माझ्यातर्फे चहा.

आता तपासणी. इथे मात्र माझं डोकं फिरलं.

बीजगणितात पायऱ्यांना मार्क असतात हे शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं. बोर्डातसुद्धा पेपर तपासताना अर्ध्या अर्ध्या मार्काची विभागणी असते, उत्तर चुकलं तरी जिथपर्यंत बरोबर आलाय तिथपर्यंतचे मार्क मिळतात. ह्यांच्याकडे काय होतं ते बघा. क्रेमरच्या पद्धतीने (म्हणजे समीकरणांतल्या आकड्यांचे डी, डीएक्स, डीवाय असे निश्चयक काढून) सोडवायचं, ३ मार्क, तीन एक्स वजा चार वाय बरोबर १० आणि चार एक्स अधिक तीन वाय बरोबर ५. एका मुलाने निश्चयक नीट मांडले, डी काढला २५, बरोबर, डीएक्स काढला ५०, बरोबर, एक्स बरोबर २, तेही बरोबर. डीवाय काढताना १५ वजा ४० च्या जागी १५ अधिक ४० केले, ५५ आले, वाय चुकला. एक चिन्ह चुकलं हो फक्त. मी तपासला असता तर २ दिले असते, कडक मूडमध्ये असते तर दीड. ह्यांनी दिला शून्य, आणि शेजारी लाल पेनने नुसती काट मारली, कुठे चुकलं त्यावर एक गोलसुद्धा नाही. आता त्या मुलाने ह्यातून काय समजायचं? त्याच्या घरच्यांना वाटलं ह्याला क्रेमर येतच नाही, आणि मग परत सगळं क्रेमर पहिल्यापासून, जेव्हा गरज होती फक्त ‘निश्चयकात दुसरा गुणाकार वजा करायचा असतो’ एवढ्यासाठी दहा मिनिटं बसायची.

दुसरं उदाहरण त्याहून वाईट. पाचव्या प्रश्नात होतं, दोन चलांतल्या समीकरणांवर असं शाब्दिक उदाहरण तयार करा की एका चलाची किंमत १२ येईल, आणि ते सोडवा. मला हा प्रकार फार आवडतो, उलट्या बाजूने विचार करायला लागतो आणि कॉपीही करता येत नाही. आमच्यातल्या एकाने जत्रेतल्या पाळण्याचं उदाहरण केलं, मोठ्यांचं तिकीट ३० रुपये, लहानांचं २०, एकूण २० तिकिटं विकली आणि ५२० रुपये गोळा झाले तर मोठ्यांची तिकिटं किती. करून बघा, १२ गुणिले ३० म्हणजे ३६०, ८ गुणिले २० म्हणजे १६०, बेरीज ५२०. एकदम चपखल, दोन्ही समीकरणं लिहिलेली, सोडवलेलं, ताळा घेतलेला. ह्याला ३ पैकी १ मार्क आणि शेरा काय, तर ‘आदर्श उत्तराप्रमाणे नाही’. आदर्श उत्तरात नोटांचं उदाहरण होतं म्हणे. अहो, स्वतः तयार करा म्हणून सांगितलंय ना, मग प्रत्येकाचं वेगळंच येणार, नाही का? तपासणाऱ्याने उदाहरण वाचायची तसदीच घेतली नाही, शेवटचा आकडा पुस्तिकेशी जुळवायचा, जुळला तर टिक नाहीतर काट, एवढंच चाललंय तिकडे.

मी फोन केला. उचलला एका मुलाने, बोलायला गोड होता बिचारा, म्हणाला मॅडम तपासणाऱ्यांना एका पेपरमागे पैसे मिळतात, त्यांच्याकडे मॉडेल आन्सर असतं त्याप्रमाणे ते देतात, तुम्ही मेल करा. मेल केला, उत्तर आलं की पेपर परत पाठवल्यास फेरतपासणी होईल, कुरिअरचा खर्च तुमचा. सोडून दिलं. आणि विचार करा, बोटीच्या उदाहरणात ज्या पोरांनी खरंच २√६ आणलं असेल त्यांना ह्या लोकांनी किती दिले असतील? उत्तरपुस्तिकेत ६ आहे! आमच्यातल्या दोघांना काटच मिळाली.

किरकोळ गोष्टी. आलेख कागदाचे चौकोन सेंटीमीटरपेक्षा किंचित लहान छापलेत, पट्टी लावली की शेवटी शेवटी बिंदू सरकतो, त्यामुळे दोन रेषांचा छेदनबिंदू काढायचा असेल तर चौकोन मोजूनच काढा, किंवा सरळ बाहेरून चांगला कागद आणा. अर्थनियोजनात जीएसटीची उदाहरणं जुन्या दरांची आहेत, मोठ्या टीव्हीवर २८ टक्के वगैरे. सप्टेंबर २०२५ पासून दर बदललेत, बहुतेक वस्तूंवरचा २८ चा टप्पा गेला, मोठे टीव्हीही १८ वर आले. एका मुलाच्या वडिलांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, त्यानेच सांगितलं मला. गणिताला फरक पडत नाही कारण दर उदाहरणातच दिलेला असतो, निम्मा सीजीएसटी (केंद्राचा) निम्मा एसजीएसटी (राज्याचा) करायचं तर तसंच करायचं, पण पोरं विचारतात तेव्हा उत्तर तयार ठेवा. छपाई ठीक, कागद पातळ आहे, जेल पेन मागे उमटतं. सेमीवाल्यांचा संच वेगळा घ्यावा लागतो, किंमत तीच.

सीबीएसईच्या पालकांनी हा घेऊ नये, त्यांचा पेपर ८० चा, ३ तासांचा, वीस एकेका मार्काचे आणि शेवटी ४-४ मार्कांच्या तीन केस स्टडी, ढाचाच वेगळाय. चौथ्या प्रश्नातली उदाहरणं सरावाला चालतील म्हणा, पण त्यासाठी १८० रुपये घालू नका.

रेटिंग द्यायचं तर पेपरांना ५ पैकी साडेतीन, बोटीसारखे घोळ नसते तर चार दिले असते. तपासणीला अर्धा, तोसुद्धा कुरिअर वेळेवर आलं म्हणून. ज्यांच्या घरी गणित बघणारं कुणी आहे, आई-बाबा, दादा, कुणीही, त्यांनी नुसता संच घ्यावा आणि उत्तरपुस्तिका पोरांच्या हातात न देता आधी स्वतः चौथा-पाचवा प्रश्न सोडवून बघावा. ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांनी शाळेतल्या सरांना नाहीतर बाईंना विचारावं, दोन पेपर तपासून द्या म्हणून, बहुतेक जण देतात, मी पण देईन.

आम्ही उरलेले पेपर पाठवायचं बंद केलं. आता मी फळ्यावर मार्कांची विभागणी लिहून देते, ४ मार्कांच्या शाब्दिक उदाहरणाला ‘समजा’ म्हणून चल काय धरला त्याला अर्धा, समीकरणाला दीड, सोडवण्याला दीड, आणि नको असलेली किंमत कारण देऊन सोडली तर अर्धा, आणि पोरं एकमेकांचे पेपर तपासतात. आरडाओरडा फार होतो. गेल्या रविवारी ‘प्रवाहाचा वेग ऋण नसतो’ हे वाक्य न लिहिता नुसतं मायनसचं उत्तर खोडलंय तर अर्धा मार्क द्यायचा की नाही ह्यावर दोन बाकांमध्ये असं जुंपलं की शेजारच्या काकू बघायला आल्या. मी नाही दिला.