स्लॅक, भोसरीतल्या दोन गाळ्यांमधून: सव्वा वर्षाचा अनुभव

स्लॅकसारख्या ॲपबद्दल लिहिणारे बहुतेक आयटीवाले असतात, म्हणून आधीच सांगते: आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, मशीनं आहेत. भोसरी एमआयडीसीत दोन गाळे, अडतीस माणसं, दोन शिफ्ट. बुश, पिन, स्पेसर असे धातूचे गोल सुटे भाग घडवायची, टर्निंगची कामं. मी एकवीस वर्षं स्टोअर आणि परचेस बघते. स्लॅक धाकट्या साहेबांनी आणलं आणि पहिला महिनाभर मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

त्याआधी सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. 'प्रॉडक्शन', 'प्रॉडक्शन न्यू', 'डिस्पॅच अर्जंट', आणि साहेब नसलेला एक ग्रुप, त्याचं नाव इथे लिहीत नाही. चाललं होतं की! एक दिवस संध्याकाळी पावणेसहाला कस्टमरकडून एका बुशचं सुधारलेलं ड्रॉइंग आलं. ड्रॉइंगची सी रिव्हिजन (आवृत्ती) जाऊन डी आली होती, बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस मायक्रॉनने लहान केला होता. क्वालिटीवाल्याने पीडीएफ लगेच 'प्रॉडक्शन'वर टाकली. त्याच दिवशी पाच वाजता मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाचा केक कापला होता. सेकंड शिफ्टच्या सेटर मामांनी (मशीनवर काम लावून देतात ते) ग्रुप उघडला, एकामागून एक केक, फुलं आणि 'जीवेत् शरदः शतम्' पाहिलं आणि फोन खिशात टाकला. रात्री बारापर्यंत ४६० बुश निघाले, सगळे सीप्रमाणे. बोअर लहान राहिला असता तर जॉब परत चढवून मोठा करता येतो. मोठा झालेला बोअर कुणाच्या बापाला लहान करता येत नाही. माल भंगारवाल्याच्या काट्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये दोनच वाक्यं फिरत होती. "मी टाकलं होतं." "मला दिसलं नाही." दोन्ही खरी. पुढच्याच आठवड्यात स्लॅक आलं.

आता स्लॅक म्हणजे काय, तर कामाच्या जागेसाठी केलेलं गप्पांचं ॲप. माझा भाचा सांगतो की मुळात ते विकायला केलेलंच नव्हतं. एक कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती, आपसात बोलायला त्यांनी घरगुती साधन तयार केलं. गेम २०१२ मध्ये बंद पडला, साधन २०१३ मध्ये लोकांसमोर आलं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ते २७.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. लोणच्याचा धंदा बुडावा आणि बरणी खपावी, तसं.

वापराचं बोलते. इथे ग्रुपऐवजी चॅनल असतात. आम्ही प्रत्येक मोठ्या कस्टमरचा एक चॅनल केला, शिवाय 'ड्रॉइंग', 'परचेस', 'मेंटेनन्स' आणि वाढदिवसांसाठी 'चहा-पाणी'. केक तिकडे कापायचे. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटला. नवीन माणूस चॅनलमध्ये आला की त्याला मागचं सगळं वाचता येतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तेव्हा नव्याने आलेल्याला आधीचं काहीच दिसायचं नाही, मग त्याला सगळं रामायण मीच सांगत बसायचे.

दुसरी गोष्ट थ्रेड. कुठल्याही मेसेजच्या खाली त्याचीच बोलणी चालतात, मुख्य पानावर पसारा होत नाही. मी इन्सर्टची (मशीनच्या कापणाऱ्या पात्यांची) पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, टाकते. 'कधी येणार', 'टेम्पो नाशिक फाट्यावर आहे', 'चलनावर क्वांटिटी कमी आहे', 'जीआरएन केला' (माल मिळाल्याची नोंद केली) हे सगळं त्या पीओच्या पोटात राहतं. महिनाअखेरीला अकाउंट्सच्या ताई बिल घेऊन येतात तेव्हा मी तोंडाने काही सांगत नाही, थ्रेड उघडून देते. पण लोकांना थ्रेडची सवय लावणं म्हणजे चप्पल रॅकमध्ये ठेवायला शिकवण्यासारखं आहे. अजूनही कोणीतरी भर चॅनलमध्ये नुसतं 'हो' लिहून जातं. कशाला हो, ते त्यालाच माहीत.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू मात्र इमोजी. हसू नका. आमचा नियम आहे: ड्रॉइंग आलं की सेटरने डोळ्यांचं चित्र लावायचं, म्हणजे पाहिलं. मशीनवर लावलं की हिरवी टिक. कोणी लावलं त्याचं नावही तिथेच दिसतं. लिहायचं काही नाही, आणि हाताला कूलंट लागलेल्या माणसाला तेच हवं असतं. स्वतःचं चित्रही इमोजी म्हणून चढवता येतं. धाकट्या साहेबांनी माझ्या टेबलावरच्या लाल 'रद्द' शिक्क्याचा ठसा कागदावर उठवला, फोटो काढला आणि त्याचा इमोजी केला. आता नवी रिव्हिजन आली की आधी जुन्या मेसेजवर 'रद्द' पडतो, मगच नवं ड्रॉइंग चढतं. परवा सेटर मामा स्वतः येऊन म्हणाले, "ताई, सीवर शिक्का मारायचा राहिलाय तुमचा." मी शिक्का उचलायला ड्रॉवर उघडला! मग लक्षात आलं, ते फोनमधल्या शिक्क्याबद्दल बोलतायत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सर्च चांगला आहे असं सगळे लिहितात. असेल, इंग्रजीत लिहिणाऱ्यांना. आमच्याकडे मराठी रोमन लिपीत लिहितात आणि 'माल आला' लिहायच्या किमान चार पद्धती आहेत. कोणी एक 'ए' लावतो, कोणी दोन, डिस्पॅचवाला तर स्वर लावतच नाही. शोधणार काय, कपाळ? शेवटी मीच ठरवलं, पीओ नंबर आणि पार्ट नंबर लिहिल्याशिवाय मेसेज टाकायचा नाही. आकडा सगळे सारखाच लिहितात. आणि ॲपच्या मेन्यूला मराठी नाही. व्हॉट्सॲप आमच्या मामांच्या फोनमध्ये अख्खं मराठीत आहे, त्यामुळे स्लॅक त्यांना शेवटपर्यंत साहेबांचं ॲपच वाटत राहिलं.

दुसरं, पाठवलेला मेसेज नंतर बदलता येतो. शेजारी बारीक अक्षरात 'एडिटेड' येतं, पण बदलल्याची वर्दी कोणाला जात नाही. एकाने २५० नगांचे ३५० केले आणि आम्ही २५० पॅक करून मोकळे झालो. तेव्हापासून आकडा बदलायचा असेल तर नवा मेसेज.

रात्रीच्या बाबतीत मात्र स्लॅकला पैकीच्या पैकी गुण. ठरलेल्या वेळेनंतर ते आपोआप गप्प बसतं, आणि समोरच्याला आपल्या नावाशेजारी झोपेचं चिन्ह दिसतं. मोठे साहेब पूर्वी रात्री साडेअकराला 'उद्या बघा जरा' असं लिहायचे आणि माझी झोप उडायची. आजही तेव्हाच लिहितात, मला सकाळी कळतं.

आणि पैसे. आम्ही फुकट योजनेवर सुरुवात केली. फुकटात फक्त ९० दिवसांचं दिसतं, त्यामागचं पडद्याआड जातं, वर्षाच्या पलीकडचं तर पुसलंच जातं. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत फुकटवाल्यांना दिवसांची नव्हे, १०,००० मेसेजची मर्यादा होती. हे सगळं कंपनीने लिहून ठेवलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं, चूक आमची. पाचव्या महिन्यात एका लॉटची तक्रार आली. त्या लॉटला कस्टमरच्या इन्स्पेक्टरने 'चालेल' म्हटलं होतं, त्याच्या सहीच्या कागदाचा फोटो मी स्वतः थ्रेडमध्ये टाकला होता, आणि तो ९० दिवसांच्या पलीकडे गेला होता. कागद सापडेना, तारीख आठवेना, मी तीन फायली उपसल्या. संध्याकाळी धाकट्या साहेबांनी कार्ड काढून पैसे भरले आणि फोटो जिथे होता तिथे परत दिसला. लॉट वाचला. पैसे भरले नसते तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

पण पैसे माणशी, दरमहा. आणि चौदा जणांचे भरतो, बाकीचे फुकट राहू देत, असं चालत नाही. सगळ्यांचेच भरावे लागतात. अडतीस जणांचा आकडा बघून मोठे साहेब म्हणाले, "एवढ्यात एक हेल्पर ठेवता येईल." मग कात्री लागली. ऑफिस, क्वालिटी, स्टोअर मिळून चौदा जण आत राहिले, फ्लोअरवरचे, म्हणजे मशीनवरचे, सगळे परत व्हॉट्सॲपवर गेले. खंडेनवमीला मशीनांची पूजा झाली, झेंडूच्या तोरणांचे फोटो मी दोन्हीकडे टाकले. व्हॉट्सॲपवर गावी गेलेल्या ऑपरेटरनेसुद्धा हात जोडले. स्लॅकवर तीन बदाम, त्यातला एक माझाच.

घेणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं, घर भाड्याचं आहे. माझ्या दिराच्या कंपनीत फेसबुकवाल्यांचं, म्हणजे मेटाचं, वर्कप्लेस नावाचं असंच ॲप होतं. २०२४ च्या मे महिन्यात मेटाने ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते नुसतं वाचण्यापुरतं उरलं. म्हणून मी दर शनिवारी महत्त्वाच्या थ्रेडमधले कागद काढून कपाटातल्या फायलीला लावते. धाकटे साहेब हसतात. हसू देत.

म्हणजे घ्यावं की नाही? टेबलावर बसून काम करणारे दहा-पंधरा जण असतील आणि सगळ्यांचे पैसे भरायची तयारी असेल, तर डोळे झाकून घ्या. फ्लोअरसाठी मी तीन स्टारच देईन. तो प्रश्न आम्ही आता असा सोडवलाय: पैसे भरलेल्या एका माणसामागे पाच जणांना फुकट आत घेता येतं, पण प्रत्येकाला एकच चॅनल दिसतो. सहा सेटरना तसं 'ड्रॉइंग' चॅनलमध्ये घेतलं आहे. डोळे आणि टिक परत सुरू झाले.

फक्त स्लॅकमध्ये अशा माणसाला 'गेस्ट' म्हणतात. सेटर मामा कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून आमच्याकडे आहेत. पहिलं मशीन टेम्पोतून उतरवलं ते त्यांनीच. त्यांच्या नावापुढे तो शब्द बघून त्यांनी मला विचारलं, "ताई, हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही मामा, त्यांची पद्धत आहे."